गिअरची सायकल: चढाला गिअर नेमका कधी आणि कसा बदलायचा?

कळंबा_ते_रंकाळा
नमस्कार मंडळी. सायकल २१ गिअरची आहे, पुढे ३ चकत्या आणि मागे ७. चाक साडेसत्तावीस इंची, हँडलला अंगठ्याने दाबायचे लिव्हर. इथे कोल्हापुरात रंकाळ्याच्या सपाटीला काही अडचण येत नाही. कात्यायनीच्या चढाला मात्र निम्म्यात गेल्यावर डावा (पुढच्या चकत्यांचा) गिअर हलका केला की खाडकन आवाज होतो, चेन खडखडते आणि दर दोन-तीन वेळांतून एकदा आतल्या बाजूला उतरते. मागचा गिअरही कधी एक टिक दाबली तरी जागचा हलत नाही.

पुढच्या महिन्यात पन्हाळ्याला जायचं आहे. तीन गोष्टी कळाव्यात: गिअर कधी बदलायचा, पुढचा-मागचा जोड कुठला धरायचा, आणि हा दोष चालवण्यातला आहे की सायकलीतला?

घाटवाट
ताई, तुमच्या वर्णनावरून दोष दोन्हीकडे थोडाथोडा दिसतो. आधी चालवण्यातला बघू, कारण तो सुधारल्याशिवाय सायकल कितीही सेट केली तरी चेन उतरतच राहणार.

चेनचे दोन पदर असतात, वरचा आणि खालचा. पेडलवर जोर दिला की वरचा पदर ताणला जातो. पुढच्या चकतीने मागच्या चकतीला ओढायचं काम तोच करतो. खालचा पदर परतीचा, तो नेहमी सैल असतो. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) या खालच्या सैल पदराला ढकलतो, म्हणून पायात थोडा जोर असला तरी मागचा गिअर कसाबसा पडून जातो. पुढचा डिरेलर वरच्या ताणलेल्या पदराला ढकलतो. चढाला सगळं वजन पेडलवर असताना डावा लिव्हर दाबलात की तारेसारख्या ताठ झालेल्या चेनला एका पातळ पत्र्याने बाजूला सारायचा तो प्रयत्न असतो. चेन काही वेळ हलतच नाही आणि हलते तेव्हा झटक्यात जाते. खाडकन आवाज तो हाच. त्या झटक्यात ती लहान चकती ओलांडून आत, फ्रेमच्या बाजूला पडते.

म्हणून डावा गिअर चढावर बदलायचाच नाही, चढाच्या पायथ्याशी बदलायचा. रस्ता उचलायला लागतो, पण सायकलीत अजून वेग शिल्लक असतो, ती जागा पकडायची. नजर २०-३० मीटर पुढे ठेवली की ती आधी दिसते.

पायाचं असं: गिअर टाकण्याआधी अर्धा फेरा नेहमीपेक्षा थोडा जोरात मारा, म्हणजे सायकल पुढे सरकत राहील. मग पुढचा एक पूर्ण फेरा पाय फिरता ठेवून त्यावरचं ओझं काढा आणि त्याच फेऱ्यात लिव्हर दाबा. पाय थांबवायचा नाही. चेन फिरत नसेल तर ती एका चकतीवरून दुसरीवर चढणार कशी? पाय रिकामा फिरतोय इतका हलका झाला पाहिजे. चेन नवीन दात्यांत बसली की खडखड थांबते. ते ऐकू आलं की परत जोर लावा. सुरुवातीला ही घाई सगळ्यांकडून होते: लिव्हर दाबला की लगेच जोर. चेन तेव्हा अजून दोन चकत्यांच्या मधे असते.

आणि एका वेळी एकच टिक. तीन टिका एकदम दाबल्या की चेन मधल्या चकत्यांवर अडखळत जाते.

पाना_आणि_पक्कड
घाटवाटदादांचं बरोबर आहे. त्यात एक भर घालतो, कारण नवीन माणसाचा निम्मा गोंधळ इथेच होतो.

दोन्ही हातांचे अंगठे एकच काम करतात, वायर ओढतात. वायर ओढली की चेन मोठ्या चकतीकडे जाते. पण मागे मोठी चकती म्हणजे हलका गिअर आणि पुढे मोठी चकती म्हणजे जड गिअर. त्यामुळे उजवा अंगठा दाबला की पाय हलका होतो आणि डावा अंगठा दाबला की पाय जड होतो. तर्जनीचा छोटा लिव्हर वायर सोडतो, त्याचं सगळं याच्या उलट.

आकडेही तसेच. डावीकडचा १ म्हणजे पुढची सर्वांत लहान चकती, उजवीकडचा १ म्हणजे मागची सर्वांत मोठी. दोन्हीकडे १ हा हलका गिअर, एवढं धरून ठेवा. म्हणजे चढाला दोन्ही आकडे कमी करत यायचे.

सरावाला राजाराम तलावाकडचा रस्ता किंवा पहाटेचा रंकाळा बरा. वीस मिनिटं फक्त उजवा हात: ४ वरून ३, ३ वरून २, परत ४. खाली चेनकडे बघायचं नाही, कान लावायचा. दुसऱ्या दिवशी डावा हात, २ वरून १ आणि परत २. खाली बघत गिअर टाकायची सवय लागली की गर्दीच्या रस्त्यावर ती अंगाशी येते.

कळंबा_ते_रंकाळा
अंगठ्याचं आता डोक्यात बसलं. चढाला डावा अंगठा दाबून पाय उलट जड व्हायचा, ते यामुळे. पण मग २१ जोड्यांतले कुठले वापरायचे? सायकल घेताना "२१ गिअर" एवढंच सांगितलं होतं.

दाते_मोजणारा
ताई, आधी दाते मोजा. पुढच्या चकत्यांवर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो. या वर्गातल्या बऱ्याच सायकलींना पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-१६-१८-२०-२२-२४-२८ असतात. तेच धरून हिशोब मांडतो.

पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते.

सर्वांत हलका २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. सर्वांत जड ४२ भागिले १४, म्हणजे ३. आता मधले बघा. २४ ला १४ ने भागलं तर १.७१, ३४ ला २० ने भागलं तर १.७०, ४२ ला २४ ने भागलं तर १.७५. तीन वेगवेगळे जोड, पण पायाला जाणवणारा गिअर एकच. असे जुळे काढून टाकले की २१ मधून खरे वेगळे १३ उरतात. त्या तेरांची सरळ शिडी लावता येते:

डावा १ वर ठेवून उजवा १ ते ५: ०.८६, १.००, १.०९, १.२०, १.३३
डावा २ वर ठेवून उजवा २ ते ६: १.४२, १.५५, १.७०, १.८९, २.१३
डावा ३ वर ठेवून उजवा ५ ते ७: २.३३, २.६३, ३.००

बाकीचे आठ जोड सोडून द्या. डावा ३ आणि उजवा १, किंवा डावा १ आणि उजवा ७ यांत तर चेन फार तिरपी धावते. दात्यांना बाजूने घासते, आवाज करते आणि चेन व फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) दोन्ही लवकर झिजतात. फायदा शून्य, कारण तोच गिअर सरळ चेनने दुसरीकडे मिळतो. डावा ३ उजवा १ म्हणजे १.५०, आणि डावा २ उजवा ३ म्हणजे १.५५. फरक पायाला कळणारही नाही.

साडेसत्तावीसच्या चाकाचा घेर टायरप्रमाणे साधारण २.१५ मीटर. म्हणजे २४-२८ वर एका फेऱ्यात सायकल १.८४ मीटर पुढे जाते, ३४-२० वर ३.६६ मीटर आणि ४२-१४ वर ६.४५ मीटर. मिनिटाला ८० फेरे धरले तर ३४-२० वर ताशी साडेसतरा किलोमीटर पडतात. गावात फिरायला हा गिअर पुरतो.

घाटवाट
उत्तम शिडी मांडलीत. आता हीच शिडी चढाला उतरायची कशी ते सांगतो.

समजा डावा २ उजवा ३ वर आहात, १.५५. चढ सुरू होतोय, म्हणून डावा १ केलात. पुढे ३४ चे २४ दाते झाले, गिअर एकदम ३० टक्क्यांनी हलका झाला, १.०९ वर आला. पाय फसकन रिकामा फिरतो, वेग मरतो, तोल जातो. नवीन माणूस इथे घाबरून परत डावा २ करतो आणि तेवढ्यात खरा चढ येतो.

त्याऐवजी डावा १ केल्याबरोबर, चेन लहान चकतीवर बसली की उजवा दोन टिका जड करा, म्हणजे ३ वरून ५. आता १.३३ वर आलात. १.५५ वरून १.३३, पायाला एक पायरी उतरल्यासारखं वाटतं. दोन्ही हातांच्या तर्जन्याच वापरायच्या आहेत, डावीची एकदा, उजवीची दोनदा. सपाटीवर पंधरा-वीस वेळा केलं की हात आपोआप करतात. पुढे चढ वाढेल तसा उजव्या अंगठ्याने एकेक टिक: ५, ४, ३, २, १. डाव्या हाताला पूर्ण घाटात काही काम उरत नाही.

डावा बदलताना उजवा १ किंवा २ वर असू देऊ नका. चेन तेव्हा मागे आतल्या बाजूला ओढलेली असते आणि पुढे लहान चकतीवर उतरताना आणखी आत पडायला बघते. उजवा ३ किंवा ४ असताना डावा बदला.

सांजफेरी
माझं मत थोडं वेगळं आहे. ज्यांना फक्त शहरातच फिरायचंय त्यांनी डावा २ वर ठेवून विसरून जावा. उजव्या २ ते ६ मध्ये १.४२ ते २.१३ मिळतं. शाहूपुरी, राजारामपुरी, रंकाळा, टेंबलाईच्या बाजूचा चढउतार, सगळं त्यात निघतं. डाव्या हाताची सवय घाट करायचा असेल तेव्हाच करावी.

मात्र सिग्नलला थांबण्याआधी गिअर हलका करायची सवय शहरवाल्यांनीही लावायलाच हवी. ताराराणी चौकात किंवा दाभोळकर कॉर्नरला लाल दिवा दिसला, ब्रेक लावायला घेतला, की पाय फिरता असतानाच उजवा दोन टिका खाली. उभं राहिल्यावर डिरेलरचा गिअर पडत नाही, कारण चेन फिरत नाही. तसाच लिव्हर दाबून ठेवला आणि हिरव्याला जोर मारला की चेन दाते सोडते, पाय सटकतो, आणि मागून केएमटीची बस आलेली असते.

जड गिअरवर थांबलातच तर उतरा, सीटखाली धरून मागचं चाक उचला, उजवा लिव्हर दोन टिका हलका करा आणि हाताने पेडल फिरवा. दहा सेकंदांचं काम.

दाते_मोजणारा
सांजफेरीताईंशी शहरापुरता सहमत. मात्र कोणता गिअर बरोबर, ते आकड्यावरून ठरवू नका, पायाच्या फेऱ्यांवरून ठरवा. उजवा गुडघा वर आला की एक, असं १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. सपाटीला ७० ते ९० यावेत, घाटात ६० ते ७० चालतील. ५० च्या खाली गेलात तर गिअर जड आहे. अशा वेळी प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर पडणारा जोर वाढतो. वेग तेवढाच ठेवून गिअर हलका केला तर तेच काम जास्त फेऱ्यांत वाटलं जातं. गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं अशी तक्रार असेल तर आधी गिअर आणि सीटची उंची बघावी.

सीटची उंची ढोबळमानाने अशी: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असली की हलका गिअरसुद्धा जड वाटतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात, त्यात मांडीचा जोरच वापरला जात नाही.

पाना_आणि_पक्कड
आता सायकलीतला दोष. सवडीने वाचा, घाईने स्क्रू पिळू नका. या कामात बिघडतं ते बहुतेक वेळा चुकीचा स्क्रू फिरवल्यामुळे.

पहिल्यांदा बघायचं ते हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो. सायकल उजव्या बाजूला पडली की तो आत वाकतो. मागे उभं राहून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या आणि मागच्या चकत्या एका उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. खालची चकती चाकाच्या तारांकडे (स्पोककडे) झुकलेली दिसली तर बाकी काही सेट करायच्या भानगडीत पडू नका, आधी हँगर सरळ करून घ्या किंवा बदला. वाकलेल्या हँगरवर दोन गिअर नीट लागतात आणि पाच बिघडतात. लोक मग महिनाभर वायर ताणत बसतात. शेवटी डिरेलर तारांत जातो आणि चाकासकट सगळं बाद.

दुसरी गोष्ट वायर. टिक-टिक आवाजाचे गिअर शिमानोने १९८४ साली आणले. त्याआधी लिव्हर अंदाजाने सरकवावा लागे. आताचा लिव्हर प्रत्येक टिकेला वायर ठरावीक मापाने ओढतो किंवा सोडतो. ७ च्या फ्रीव्हीलला दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ५ मिलिमीटर. त्यामुळे आऊटरमध्ये (वायरवरच्या बाहेरच्या नळीत) गंज किंवा माती असेल आणि वायर अर्धा मिलिमीटर जरी अडकली तरी टिक होते पण गिअर पडत नाही. "जड गिअरकडे जायला आळस करतो, हलक्याकडे बरोबर जातो" असं होत असेल तर वायर आऊटरमध्ये अडकतेय. स्प्रिंगला ती ओढून घेता येत नाही. इनर (आतली वायर) आणि आऊटर दोन्ही बदला. गिअरची इनर १.२ मिमीची असते. आऊटरही गिअरचाच घ्या, ब्रेकचा नको. ब्रेकच्या आऊटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असते, ती दाबली जाते आणि माप चुकतं. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीने सरळ असतात. दोन्ही टोकांना टोप्या बसवल्याच पाहिजेत.

हँगर सरळ आणि वायर मोकळी असेल तर मग सेटिंग:

मागचं चाक उचलून धरा किंवा सायकल उलटी करा. उजवा लिव्हर ७ वर. वायरचा बोल्ट ५ च्या ॲलन कीने किंवा पान्याने सैल करा. डिरेलरवर एच आणि एल असे दोन स्क्रू शेजारी असतात. एच लहान चकतीकडची हद्द, एल मोठ्या चकतीकडची. एच असा लावा की मागून बघताना डिरेलरची वरची छोटी चकती सर्वांत लहान चकतीच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर खाली येईल. प्रत्येक वेळी पाव फेराच.

वायर जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला गोल पिळाचा नट आधी पूर्ण आत घाला, मग एक-दोन फेरे बाहेर काढा. वायर हाताने ताणून बोल्ट आवळा. पेडल हाताने फिरवत एक टिक हलका करा. चेन ६ वर गेली नाही तर नट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा. ६ ओलांडून ५ वर उडी मारली तर घड्याळाच्या दिशेने. मग ६ वरच ठेवून नट उलट फिरवत राहा. चेन शेजारच्या ५ च्या चकतीला चाटायला लागून चर्र आवाज आला की पाव फेरा परत. तिथे थांबा. बहुतेक सायकलींना याच जागी सातही गिअर बिनआवाज लागतात.

आता १ वर या आणि डिरेलर हाताने चाकाकडे ढकलून बघा. तारांकडे जात असेल तर एल घट्ट करा. हा स्क्रू सोडून देऊ नका. घाटात सर्वांत हलका गिअर टाकताना चेन तारांत गेली तर मागचं चाक जागच्या जागी अडकू शकतं. शेवटी डिरेलरच्या मागचा बी स्क्रू: १ वर असताना वरची छोटी चकती आणि मोठी चकती यांत ५ ते ६ मिमी जागा हवी.

पुढचा डिरेलर, म्हणजे ताईंचा मुख्य दोष. पिंजरा (चेन ज्यातून जाते ती डिरेलरची पत्र्याची चौकट) मोठ्या चकतीच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी वर आणि वरून बघताना चकतीला समांतर हवा. मग डावा १, उजवा १ करा. फक्त सेटिंगपुरतं. चेन आणि पिंजऱ्याचा आतला पत्रा यांत अर्धा मिमी जागा, म्हणजे एक जाड कागद जाईल एवढी. जास्त असेल तर पुढचा एल घड्याळाच्या दिशेने पाव-पाव फेरा. चेन आत पडण्याचं थांबायला हवं.

तांबडी_माती
या धाग्यात चेनची झीज कुणी काढली नाही. सेटिंगच्या आधी ती मोजावी. स्टीलची पट्टी घ्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नवीन चेनला २४ कड्यांनंतरच्या पिनचा मध्य बरोबर १२ इंचावर येतो, कारण एक कडी अर्ध्या इंचाची असते. १२ इंच आणि वर एक सोळांश झालं की चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश झालं असेल तर फ्रीव्हीलही बदलावं लागतं. जुन्या फ्रीव्हीलवर नवीन चेन चढाला दाते सोडते, आणि लोक समजतात चेन खराब मिळाली.

उसाचा_मळा
आपल्या भागातली एक गोष्ट खास लिहावीशी वाटते. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे रस्त्यावर पाचट पडतं. वाळलेलं पातं लांब, चिवट आणि कडेला धारदार. ते चेनबरोबर वर येतं आणि डिरेलरच्या खालच्या छोट्या चकतीभोवती गुंडाळलं जातं. बाहेरून दिसत नाही. गिअर दोन दिवस कुरकुरतो आणि मग एकदम अडकतो. गुंडाळलेलं पातं सोडवायला चाकू नको. चेन मागे फिरवत टोक हाताला लागलं की चिमटीत धरून ओढा.

त्यातच ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर येतो. वाळला की त्याची बारीक भुकटी तेलावर बसून चेनवर काळा थर तयार होतो. तो थर घासणीसारखं काम करतो. हंगामात आणि पावसाळ्यात चेन आठवड्याला साफ करा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्यात चेन धरून पेडल मागे फिरवा, दात्यांच्या मधली घाण जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढा. पूर्ण वाळू द्या. मग खालच्या पदराच्या आतल्या बाजूने प्रत्येक कडीला एक थेंब चेनचं तेल, चेन चार-पाच वेळा मागे फिरवा, दहा मिनिटं थांबा. आता महत्त्वाचं: कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. तेल पिनच्या आत हवं, बाहेर राहिलं की माती धरतं. गाडीचं इंजिन ऑइल जाड असतं, ते तर चिखल ओढूनच घेतं. रॉकेल किंवा तेल डिस्कवर आणि रिमवर जाऊ देऊ नका. सर्व्हिसिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने सायकल धुऊ नका, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आतलं ग्रीस निघून जातं.

नवा_पेडलवाला
एक शंका. मुलाच्या सायकलीला मागच्या हबच्या आतच ३ गिअर आहेत, बाहेर एकच चकती. तिलाही फिरतानाच बदलायचे का?

दाते_मोजणारा
नाही, तिथे उलटं. हबमधले गिअर पाय थांबवून बदलायचे. क्षणभर पाय सोडा, लिव्हर फिरवा, मग मारा. उभं राहूनही बदलतात. जोर देत बदलले तर आतले दाते झिजतात. वर लिहिलेलं सगळं बाहेरच्या डिरेलरला लागू आहे, हबला नाही. घरात दोन्ही सायकली असतील तर मुलाला हे दाखवूनच द्या.

कळंबा_ते_रंकाळा
सगळं करून बघितलं. हँगर सरळ आहे. चेन १२ इंचाच्या वर एक सोळांशापेक्षा कमी भरली. पुढच्या डिरेलरच्या आत मात्र चेनपासून जवळजवळ २ मिमी जागा होती. एल तीन वेळा पाव फेरा आवळल्यावर कागदाएवढी झाली. चेन उतरायची थांबली. मागचा नट अर्धा फेरा उलट दिशेने काढल्यावर टिकेला गिअर पडतो.

दाते तुमच्या हिशोबातलेच निघाले. आता पन्हाळ्याच्या रस्त्याला हीच शिडी कुठे कशी वापरायची?

घाटवाट
छान काम झालं, ताई. पन्हाळा साधारण २० किलोमीटर. शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंत डावा २, उजवा ४-५ वर ठेवा आणि फेरे ८० च्या आसपास. इथे जड गिअर टाकून वेग दाखवण्याचा मोह होतो. तो टाळा, मांड्या घाटासाठी राखायच्या आहेत. केर्लीला जोतिबाचा फाटा सोडून सरळ जा.

वाघबीळला हमरस्ता सोडून पन्हाळ्याकडे वळलात की थांबून दोन घोट पाणी प्या आणि डावा १ तिथेच करा, उजवा ५. पुढे घाट संपेपर्यंत डाव्याला हात लावायचा नाही. उजव्या १ ची घाई करू नका, शक्य तोवर २ वर राहा आणि १ वळणांसाठी ठेवा. शेवटचा गिअर शिल्लक आहे या जाणिवेनेच पाय टिकतो. उजवा १ वर मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटर, तरीही सायकल डगमगत नाही. खांदे सैल, हँडलची पकड सैल, नजर लांब.

वळणांबद्दल: आपण डाव्या कडेने चढतो. डावीकडच्या वळणाला आतली कड सर्वांत उभी असते, म्हणून वळणाच्या दहा मीटर आधी एक टिक हलकी करा, वळणात नाही. उजवीकडच्या वळणाला आपण बाहेरून जातो, तिथे चढ कमी असतो, एक टिक जड करून थोडा वेग घ्या. उभं राहून पेडल मारायचं असेल तर आधी एक टिक जड करा आणि मग उठा, नाहीतर पाय एकदम खाली जातो. उभं असताना गिअर टाकू नका.

उतरताना डावा ३, उजवा ५. मोठ्या चकतीवर चेन ताणलेली राहते, खड्ड्यांत उडून उतरत नाही. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दोन्ही एकत्र लावा आणि वळणात सोडा. पावसाळ्यात धुकं आणि शेवाळ दोन्ही असतं, तेव्हा हे सगळं निम्म्या वेगाने.

नवा_पेडलवाला
आणि घाटात गिअरची वायरच तुटली तर?

पाना_आणि_पक्कड
उजवी तुटली तर मागचा डिरेलर स्प्रिंगने सर्वांत लहान चकतीवर जाऊन बसतो, म्हणजे सर्वांत जड. डावा १ करा, २४-१४ म्हणजे १.७१. सपाटीला चालेल, घाटाला नाही. थोडं हलकं हवं असेल तर पेडल फिरवत मागचा एच स्क्रू घड्याळाच्या दिशेने आत पिळा. डिरेलर आत सरकतो आणि चेन दुसऱ्या चकतीवर बसते, स्क्रू पुरेसा लांब असेल तर तिसऱ्यावरही. तुटलेली वायर गुंडाळून फ्रेमला बांधा, चाकात जाऊ देऊ नका. डावी तुटली तर पुढे लहान चकतीवर जाल, घाट तरी चढता येईल.

वायर बहुतेक वेळा लिव्हरच्या आत, गाठीपाशी तुटते, आणि त्याआधी आठ-दहा दिवस तिथल्या बारीक तारा एकेक सुटत असतात. उजवा गिअर रोज थोडा थोडा बिघडतोय, नट रोज फिरवावा लागतोय, तर लिव्हरचं झाकण उघडून गाठ बघा. सीटखालच्या पिशवीत एक इनर वायर, ५ ची ॲलन की, चार पट्टीचा स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी पक्कड ठेवा. वाघबीळच्या पुढे सायकलचं दुकान मिळेल या भरवशावर जाऊ नका.

कळंबा_ते_रंकाळा
आत्ताच लिव्हरचं झाकण उघडलं. गाठीपाशी दोन तारा सुटलेल्या आहेत. उद्या इनर-आऊटर दोन्ही बदलून घेते.

पाना_आणि_पक्कड
बदलल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आऊटर टोप्यांत बसतो आणि वायर सैल वाटते. नट पाव-अर्धा फेरा उलट फिरवा, बाकी काही हलवू नका. पन्हाळ्याच्या आधी रंकाळ्याला दोन फेऱ्या नक्की करा.